गुदामातील जागा भाड्याने घेताना

सोयाबीनची मळणी आटोपली की पोखर्णी परिसरातील शेतकऱ्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : माल आज विकावा की काही काळ राखून ठेवावा? विकावा तर बाजारात आवक दाटलेली असते आणि भाव उतरलेला असतो. राखावा तर घरात पुरेशी कोरडी जागा नसते. शिवाय हरभऱ्याच्या व ज्वारीच्या पेरणीसाठी, दुकानदाराच्या उधारीसाठी आणि पीक-कर्जाच्या फेडीसाठी रोख पैसा हवा असतो. या कात्रीत सापडून पुष्कळसे शेतकरी दिवाळीच्या आत सर्व माल विकून मोकळे होतात.

गेल्या काही वर्षांत गावोगावी शेतकऱ्यांचे गट व उत्पादक कंपन्या स्थापन झाल्या आहेत. त्यांच्या बैठकांतून अलीकडे एक विचार वारंवार मांडला जातो. मोठ्या शहरांलगत व महामार्गांवर जी भव्य, आधुनिक गुदामे उभी राहात आहेत, त्यांतील काही जागा आपण सर्वांनी मिळून भाड्याने घेतली तर काय हरकत आहे? विचार रास्त आहे व तो टाकून देण्याजोगा नाही. तथापि या व्यवहारात उतरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानी घेतली पाहिजे. ती अशी की, भाड्याने घेतलेली जागा ही केवळ जागा असते; तीत मालाचा सांभाळ येत नाही. हा भेद न कळल्यामुळे चांगल्या हेतूने केलेला व्यवहारही तोट्यात जाऊ शकतो. यास्तव या विषयाची सर्व अंगांनी माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

आधुनिक वखार-संकुल म्हणजे काय?

धान्य साठविण्याची कला आपल्याला नवी नाही. मुरमाड जागेत खोदलेले पेव, घरातील बळद आणि शेणाने सारवलेली कणगी ही मराठवाड्यातील जुनी साधने होत. त्यांत कुटुंबाचे वर्षाचे धान्य राहात असे. बाजारासाठी शेकडो क्विंटल माल ठेवावयाचा झाल्यास मात्र ही साधने अपुरी पडतात व तेथे गुदामाची गरज लागते.

ज्याला व्यवहारात ‘लॉजिस्टिक पार्क’ म्हणतात, ते अनेक गुदामांचे एकत्र संकुल असते. विस्तीर्ण आवार, अवजड मालमोटारींना वळण्याजोगे रुंद रस्ते, मोटारीच्या फळीबरोबर येणारे माल चढविण्या-उतरविण्याचे धक्के, दहा-बारा मीटर उंचीचे छप्पर, अवजड भार सोसणारी सपाट जमीन, आग विझविण्याची पाण्याची स्वयंचलित योजना, वजनकाटा व चोवीस तास पहारा अशा सोयी तेथे असतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी, रायगडमधील पनवेल, पुण्याजवळील चाकण-तळेगाव आणि नागपूर या परिसरांत अशी संकुले मोठ्या प्रमाणात आहेत.

मराठवाड्यालाही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो व २०२५ च्या जूनमध्ये तो भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत संपूर्ण खुला झाला. जालन्याजवळ शुष्क बंदराच्या कामाचे भूमिपूजन २०१५ च्या डिसेंबरात झाले. राज्य शासनाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केलेल्या लॉजिस्टिक धोरणात छत्रपती संभाजीनगर-जालना आणि नांदेड-देगलूर येथे केंद्रे विकसित करण्याचे योजिले आहे. परभणी जिल्हा या दोहोंच्या मध्ये येतो. पोखर्णीचे शेतकरी नृसिंहाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांची गर्दी नेहमी पाहतात. पुढेमागे गुदामातील जागा देऊ करणाऱ्यांचीही ये-जा वाढेल. तेव्हा त्यांच्याशी बोलणी कशी करावी हे आजच समजून घेणे हिताचे आहे.

जागा आणि सांभाळ यांतील भेद

गुदामाचा उपयोग दोन रीतींनी करता येतो.

पहिली रीत भाडेपट्ट्याची. यात गुदामाचा मालक ठरावीक चौरस फूट जागा ठरावीक मुदतीसाठी आपल्या ताब्यात देतो. कुलूप आपले, किल्ली आपली. जागा भरलेली असो वा रिकामी असो, दरमहाचे भाडे चुकत नाही. आत ठेवलेल्या मालाला कीड लागली, उंदरांनी पोती फोडली किंवा ओलाव्याने बुरशी आली, तर सामान्यतः तो आपला तोटा असतो. मालकाने जागा दिली, तेथे त्याचे मुख्य कर्तव्य संपले.

दुसरी रीत ठेवीची. यात आपण माल वखारवाल्याच्या स्वाधीन करतो. तो माल तोलून, त्याची प्रत तपासून ताब्यात घेतो व पावती देतो. आकार पोत्यांवर व महिन्यांवर असतो. जितका माल व जितका काळ, तितकेच पैसे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १५१ अन्वये, दुसऱ्याचा माल सांभाळण्यास घेणाऱ्याने सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी घेणे बंधनकारक आहे. अशी काळजी न घेतल्याने नुकसान झाल्यास भरपाई मागता येते.

ठेवीच्या पद्धतीस देशात मोठा आधार आहे. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ मध्ये आपला अहवाल सादर केला. शेतकऱ्याला कर्ज, विक्री व साठवण या तिन्ही सोयी एकमेकींशी जोडून मिळाल्या पाहिजेत, असा त्यातील विचार होता. त्याला अनुसरून १९५६ मध्ये कायदा झाला आणि १९५७ मध्ये मध्यवर्ती वखार महामंडळ व आपल्या राज्याचे वखार महामंडळ स्थापन झाले. पुढे वखार (विकास व विनियमन) अधिनियम, २००७ संमत होऊन २०१० च्या ऑक्टोबरात अंमलात आला व वखारींची नोंदणी करणारे प्राधिकरण अस्तित्वात आले. या प्राधिकरणाकडे नोंदलेल्या वखारीची पावती हस्तांतरणीय असू शकते. म्हणजे पावती दुसऱ्याच्या नावे केली की मालाची मालकीही त्याच्याकडे जाते. २०१७ च्या सप्टेंबरपासून ही पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली आहे.

भाडेपट्ट्याच्या जागेत ठेवलेल्या मालाची अशी पावती आपोआप मिळत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. पावती नाही म्हणजे तिच्यावर कर्जही नाही. आणि हंगामात पैशाची नड हीच तर आपली मूळ अडचण आहे.

जागेचा हिशेब

तरीही गटाने जागा घेण्याचे ठरविल्यास प्रथम किती जागा लागेल ते काढावे. यास मोठे गणित नको. समजा, गटाजवळ १,००० क्विंटल सोयाबीन आहे. पन्नास किलोच्या पोत्यांत भरल्यास २,००० पोती होतील. भरलेले पोते आडवे ठेवून मोजावे. ते तीन फूट लांब व पावणेदोन फूट रुंद भरले, तर एका पोत्यास सव्वापाच चौरस फूट जागा लागते. दहा पोत्यांची थप्पी लावल्यास तळाशी २०० पोती येतील व त्यांना १,०५० चौरस फूट जागा लागेल. भिंतीपासून दोन-अडीच फूट अंतर, थप्प्यांमधून माणसाला फिरण्यास वाट व तोलण्यास मोकळी जागा धरली, म्हणजे सुमारे १,५०० चौरस फूट लागतात.

सोयाबीन बियाण्याचा हिशेब निराळा आहे. त्याच्या दाण्याचे साल नाजूक असते व वजनाखाली उगवणशक्ती कमी होते. यास्तव बियाण्याची थप्पी पाच पोत्यांहून उंच लावू नये. म्हणजेच तितक्याच पोत्यांना तळाची जागा दुप्पट लागेल. गुदामाचे छप्पर चाळीस फूट उंच असले तरी त्या उंचीचा लाभ आपल्याला होत नाही. लोखंडी मांडण्या उभारून उंचावर माल ठेवणाऱ्या कारखानदारास व व्यापाऱ्यास तो होतो. भाडे मात्र अशा उंच, महाग बांधणीच्या जागेचेच द्यावे लागते.

दुसरी सावधगिरी मोजमापाची. भाडे कोणत्या क्षेत्रावर आकारले जाणार, हे आधी विचारावे. प्रत्यक्ष वापरता येणारे चटई क्षेत्र, भिंतींसह बांधीव क्षेत्र आणि धक्के, रस्ते इत्यादींचा वाटा मिळवून काढलेले आकारणीचे क्षेत्र ही तीन निरनिराळी असतात. दर कमी सांगून क्षेत्र मोठे धरले, तर स्वस्ताई कागदावरच राहते. स्वतः फीत लावून जागा मोजावी.

खर्चाचा हिशेब

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. प्रत्यक्ष दर त्या त्या ठिकाणी विचारून घ्यावेत.

समजा, १,५०० चौरस फुटांचे भाडे दर चौरस फुटास २० रुपये आहे. महिन्याचे ३०,००० रुपये झाले. चार महिने माल ठेवावयाचा तर १,२०,००० रुपये, म्हणजे क्विंटलमागे १२० रुपये पडतील, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु आधुनिक संकुलात चार महिन्यांसाठी जागा सहसा मिळत नाही. करारात एक काळ असा असतो की त्यापूर्वी जागा सोडली तरी भाडे द्यावेच लागते. यालाच ‘लॉक-इन’ म्हणतात. तो एक वर्षाचा धरला तर भाडे ३,६०,००० रुपये होते. जागा भाड्याने देण्याच्या अशा व्यवहारावर सामान्यतः १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. तो ६४,८०० रुपये. एकूण ४,२४,८०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ४२५ रुपये. यात अनामत रक्कम, देखभाल आकार, विमा, हमाली व वाहतूक धरलेली नाही.

आता ठेवीच्या रीतीने पाहू. दर पोत्यास दरमहा १० रुपये आकार धरल्यास क्विंटलच्या दोन पोत्यांचे चार महिन्यांत ८० रुपये होतात. शेतमालाच्या साठवणुकीच्या सेवेस वस्तू व सेवा करातून सूट आहे. सूट शेतातून निघालेल्या मालास आहे, हेही ध्यानात असावे. तुरीची साल काढून व भरडून केलेली डाळ तीत मोडत नाही. वखार महामंडळ शेतकऱ्यांना आकारात सवलत देते, तिचीही चौकशी करावी.

दोहोंतील अंतर क्विंटलमागे साडेतीनशे रुपयांच्या घरात जाते. या भावाने सोयाबीन राखून ठेवणे म्हणजे भाववाढीचा मोठा वाटा भाड्यात घालविणे होय.

मात्र हाच हिशेब निराळाही होऊ शकतो. गटाने ती जागा वर्षभर भरती ठेवली, म्हणजे सोयाबीननंतर तूर, मग हरभरा व ज्वारी अशी फिरती केली आणि वर्षाकाठी २,५०० क्विंटल माल तेथून हलविला, तर तोच ४,२४,८०० रुपयांचा खर्च क्विंटलमागे १७० रुपयांवर येतो. माल स्वच्छ करून, प्रतवारी करून, लहान पिशव्यांत भरून शहरात विकणाऱ्या कंपनीस स्वतःच्या ताब्यातील जागा अगत्याचीच असते. तात्पर्य, बारमाही व्यापार असणाऱ्यास भाडेपट्टा परवडतो. हंगामी साठवणूक करणाऱ्यास ठेव परवडते.

साठविल्याने भाव वाढेलच, असेही गृहीत धरू नये. सोयाबीनचा भाव तेल व पेंड यांच्या भावावर चालतो. ब्राझीलचे पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये जगाच्या बाजारात येते. खाद्यतेलाच्या आयात शुल्कातील बदलही भाव हलवितात. केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरात हे शुल्क वाढविले व २०२५ च्या मेअखेर कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा कमी केले. शिवाय वाळून वजन घटते. १२ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १० टक्क्यांवर आला म्हणजे सुमारे सव्वादोन किलो घट येते. भाव ४,२०० रुपये धरल्यास ती नव्वद-पंच्याण्णव रुपयांची होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाली होती. आधारभूत खरेदी केंद्र जवळ चालू असेल व आपला माल त्या प्रतीत बसत असेल, तर तो मार्ग प्रथम पाहावा.

जागा प्रत्यक्ष पाहताना

कागदावरील वर्णनावर विसंबून जागा घेऊ नये. गटातील दोघा-तिघा जाणत्या सभासदांनी शक्यतो पावसाळ्यात जाऊन ती पाहावी. पुढील गोष्टी तपासाव्यात :

(१) जोते आसपासच्या जमिनीपेक्षा पुरेसे उंच आहे काय? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीचा अनुभव ताजा आहे. त्या वेळी त्या आवारात पाणी कोठवर चढले होते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावे.

(२) छपरातून कोठे गळते काय? भिंतीवर ओलीचे डाग आहेत काय? जमिनीतून ओल चढते काय? प्लॅस्टिकचा तुकडा रात्रभर जमिनीवर दाबून ठेवावा. सकाळी त्याखाली दमटपणा आढळल्यास ती जागा धान्यास योग्य नाही.

(३) हवा खेळण्याची सोय आहे काय आणि धुरी देताना झरोके बंद करता येतात काय? उंदीर-घुशींना शिरकाव मिळेल अशा फटी दारांखाली आहेत काय?

(४) शेजारच्या भागात कोणता माल आहे? खते, कीटकनाशके, रंग अथवा उग्र वासाची रसायने यांच्याजवळ धान्य ठेवू नये.

(५) धुरी देण्यास परवानगी आहे काय? ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वायू मनुष्यास प्राणघातक आहे. त्याचा वापर परवानाधारक जाणकारांकडूनच, जागा हवाबंद करून व पहारा ठेवून करावयाचा असतो. एकाच छपराखाली अनेक भाडेकरूंचे कामगार वावरत असलेल्या संकुलात धुरी देण्यास पुष्कळदा मनाई असते. धुरीशिवाय तूर व हरभरा भुंगेऱ्यापासून आणि ज्वारी सोंडकिड्यापासून फार दिवस वाचविणे कठीण होय.

(६) जाण्या-येण्याचा खर्च किती? पोखर्णीहून भिवंडीस कच्चे सोयाबीन नेणे आणि ते पुन्हा लातूरच्या तेलगिरणीस विकणे यात काही हशील नाही. कच्चा माल शेताजवळ साठवावा. तयार माल गिऱ्हाइकाजवळ साठवावा. तूरडाळ, हळद पावडर, स्वच्छ केलेली ज्वारी असा पिशवीबंद माल मुंबई-पुण्यास विकणाऱ्या कंपनीलाच तिकडील जागेचा खरा उपयोग आहे.

जागा उत्तम असली तरी माल कोरडा नसेल तर ती व्यर्थ होय. सोयाबीनमधील ओलावा १० टक्क्यांच्या सुमारास असावा, १२ टक्क्यांच्या वर असू नये. तूर व हरभरा ९ ते १० टक्क्यांवर आणावा. पोती लाकडी फळ्यांवर रचावीत; भिंतीस टेकवू नयेत. दर पंधरा दिवसांनी थप्पीची पाहणी करून तिची नोंद वहीत ठेवावी.

करारातील कलमे

करारपत्र इंग्रजीत असल्यास त्याचा मराठी मजकूर करून घ्यावा, तो गटाच्या सभेत वाचावा व वकिलाकडून तपासून घ्यावा. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदविणे कायद्याने आवश्यक आहे. पुढील मुद्दे स्पष्ट झाल्याखेरीज सही करू नये :

(१) कागद भाडेपट्ट्याचा आहे की केवळ वापराच्या परवान्याचा? भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने फक्त वापराची मुभा मिळते. ज्याच्याकडून जागा घ्यावयाची, तो स्वतः मालक आहे की भाडेकरू, आणि पोटभाड्याने देण्याचा त्याला अधिकार आहे काय, हेही पाहावे.

(२) एकूण मुदत किती, जागा सोडता येणार नाही असा काळ किती, व त्यानंतर किती महिन्यांची पूर्वसूचना द्यावयाची?

(३) अनामत किती महिन्यांच्या भाड्याइतकी, व ती किती दिवसांत परत मिळणार? कोणत्या कारणासाठी तीतून वजावट होईल?

(४) भाडे दरवर्षी अथवा तीन वर्षांनी किती टक्क्यांनी वाढेल?

(५) सामायिक देखभाल, वीज, पाणी, पहारा, वजनकाटा व मालमत्ता कर यांचा बोजा कोणावर?

(६) छप्पर गळल्यास दुरुस्ती कोण व किती दिवसांत करील, आणि त्यामुळे माल भिजल्यास भरपाई कोण देईल? हे कलम बहुधा नसतेच. ते आग्रहाने घालून घ्यावे.

(७) विमा कोणाचा? मालक इमारतीचा विमा उतरवितो. तिच्यातील आपल्या धान्याचा नव्हे. आग, पूर व चोरी यांसाठी मालाचा स्वतंत्र विमा घ्यावा. कीड व बुरशी यांची भरपाई सामान्य विम्यातून मिळत नाही, हे जाणून असावे.

(८) भाडे थकल्यास मालक कुलूप लावून माल अडवू शकेल, असे कलम आहे काय? असल्यास ते बदलून घ्यावे. सभासदांचा माल कंपनीच्या थकबाकीत अडकणे ही सर्वांत वाईट गोष्ट होय.

पावती व तारण कर्ज

ज्यांना केवळ तीन-चार महिने माल राखावयाचा आहे, त्यांच्यासाठी पावतीचा मार्ग सरळ आहे. नोंदणीकृत वखारीत माल देताना पावतीवर वखारीचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक, ठेवीदाराचे नाव, मालाचे वजन, पोत्यांची संख्या, प्रत, त्या दिवसाची किंमत, आकाराचा दर, विमा आणि साठवणुकीची मुदत या गोष्टी आहेत की नाहीत, ते वाचून पाहावे. मुदत विसरू नये. मुदत उलटून गेलेला माल नोटीस देऊन विकण्याचा अधिकार वखारवाल्यास असतो.

या पावतीवर बँकांकडून कर्ज मिळते. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान व सीमांत शेतकऱ्यांना अशा कर्जावर काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत व्याजसवलतीची तरतूद आहे. इलेक्ट्रॉनिक पावतीवरील कर्जांसाठी केंद्र सरकारने २०२४ च्या डिसेंबरात १,००० कोटी रुपयांची पतहमी योजनाही सुरू केली.

याखेरीज महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, द. सा. द. शे. ६ दराने कर्ज मिळते. योजना शेतकऱ्यांसाठीच आहे. व्यापाऱ्यांचा माल तीत घेतला जात नाही. मालाची किंमत ४,२०० रुपये असल्यास क्विंटलमागे ३,१५० रुपये हाती येतात आणि चार महिन्यांचे व्याज ६३ रुपये होते. हे ६३ रुपये वरील ४२५ रुपयांशेजारी ठेवून पाहावेत. मुदतीत फेड न केल्यास व्याजदर वाढतो, म्हणून विक्रीचा दिवस आधीच मनाशी ठरवून ठेवावा.

गटाजवळ स्वतःची जागा व बारमाही माल असेल तर तिसरा मार्गही खुला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून गुदाम बांधण्यासाठी २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत मिळते. परक्याच्या भाड्यात जाणारा पैसा मग आपल्याच भिंतींत उरतो.

समारोप

आधुनिक गुदामे वाईट नाहीत आणि त्यांचे भाडे घेणारे काही गैर करतात असेही नाही. ते जागा विकतात व तिचा मोबदला घेतात. आपल्याला जागा हवी आहे की सांभाळ हवा आहे, हे ओळखण्याचे काम मात्र आपले आहे. सोयाबीनचे एकच पीक चार महिने राखावयाचे असेल, तर ते वाळवून, चाळून नजीकच्या नोंदणीकृत वखारीत अथवा बाजार समितीच्या गुदामात द्यावे, पावती घ्यावी व तारणावर आपली नड भागवावी. वर्षभर माल फिरविणाऱ्या, पिशवीबंद विक्री करणाऱ्या उत्पादक कंपनीने शहराजवळील जागेचा विचार जरूर करावा. पण आधी फीत, वही व करारपत्र ही तिन्ही हाती घ्यावीत.

येत्या हंगामापूर्वी पोखर्णी व आसपासच्या गावांतील गटांनी एक सभा बोलवावी. प्रत्येक सभासदाचा किती माल, कोणत्या महिन्यात निघेल व त्याला पैशाची नड केव्हा लागेल, याची यादी करावी. ही यादी तयार झाली म्हणजे जागा घ्यावी की पावती घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी तिच्यातच सापडेल. वर्षभर घाम गाळून पिकविलेल्या दाण्याचे मोल खळ्यावरून बाजारापर्यंतच्या वाटेत गळून जाऊ नये, एवढी दक्षता शेतकरी बंधू-भगिनींनी अवश्य घ्यावी.